कॅपिटल अक्षरांतली पानं मी पुसली

भोसरीत आमची खोली एका फोर्जिंगच्या वर्कशॉपला पाठ लावून होती. मधली भिंत त्यांची, पत्रा आमचा. सकाळी सातला पलीकडे हॅमर सुरू झाला की इकडे फळीवरची ताटं वाजायला लागायची. मी पालथ्या घातलेल्या पॅकिंगच्या खोक्यावर वही ठेवून अभ्यास करायची. ठोका पडला की रेघ हलायची, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात अक्षर काढायची सवय लागली. शाळेत बाई विचारायच्या, "तू अशी थांबत थांबत का लिहितेस गं?" त्यांना काय सांगणार.

वडील लातूरकडचे, चौथी शिकलेले. एका कंपनीत डिस्पॅचला हेल्पर होते. आई एका औद्योगिक कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायची. एकदा वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं आणि ते कितीतरी महिने उघडलं नाही. तेव्हा वडील रोज सकाळी डबा घेऊन मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहायचे. काम मिळालं नाही तरी डबा भरलेला परत आणायचे नाहीत. कुठंतरी बसून खायचे आणि संध्याकाळ करूनच घरी यायचे, म्हणजे आईला वाटावं की काम मिळालं होतं. आईला कळायचंच. कपडे स्वच्छ असायचे ना.

त्याही दिवसांत ते कधी मला बसनं निगडीला घेऊन जायचे, एका नातेवाइकांकडे. वाटेत खिडकीतून कंपन्यांच्या पाट्या वाचून दाखवायचे. गेट नंबर दोन. डेंजर. नो पार्किंग. व्हिजिटर्स ओन्ली. न अडखळता. मला वाटायचं, आपल्या बापाला इंग्रजी येतं. वर्गातल्या पोरींना मी तसं ठासून सांगितलंही होतं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कुठंही सांगते, मान वर करून सांगते. बीएस्सी कॉम्प्युटर, फर्स्ट क्लास. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी आईनं कँटीनमधल्या सगळ्या बायकांना पेढा दिला आणि कँटीनच्या मालकाला मुद्दाम दोन दिले.

वर्षभरात मला चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पद ट्रेनी, खातं क्वालिटीचं, काम कागदपत्रांचं. कंपनीनं नुकतीच स्वतःची विकी सुरू केली होती. म्हणजे आपण ज्ञानकोशाची पानं इंटरनेटवर वाचतो ना, तशीच पानं, पण कंपनीपुरती. लाइनवरच्या कुठल्या स्टेशनवर, म्हणजे कामाच्या जागी, कुठला नट किती जोरात आवळायचा, मापाची कुठली गेज कधी तपासायची, सगळं त्या पानांवर. प्रत्येक लाइनवर एकेक कॉम्प्युटर ठेवलेला. त्याच्या चौकटीत पानाचं नाव टाकायचं, एंटर मारायचा, पान उघडायचं. कामगार त्या कॉम्प्युटरला डबा म्हणत आणि मला विकीवाल्या मॅडम. पहिल्या आठवड्यात एकानं मला विचारलंही होतं, "मॅडम, आमच्या गल्लीतला विकी दहावी नापास हाय, त्याला पन लावून घ्या ना तुमच्यात." सगळी लाइन हसली. मीही हसले, पण मनातून मला ते आवडलं नव्हतं.

माझ्याआधी ही विकी मेंटेनन्सचे एक साहेब सांभाळत. ते निवृत्त झाले आणि काम माझ्याकडे आलं. उघडून बघते तर काय, एकेका पानाला चार-चार नावं. खरं पान एकच, बाकीची नुसती वळवणारी. त्यांना रिडायरेक्ट म्हणतात. रिडायरेक्टच्या पानावर मजकूर नसतो, एवढीच सूचना असते की हे नाव टाकणाऱ्याला अमुक पानावर पोचवा. चाकाचे हब जोडतात त्या हब लाइनच्या सहा नंबर स्टेशनचंच घ्या. नीट नावाचं एक पान होतं. तेच नाव सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं दुसरं. तिसऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत चक्क 'लंबी गन', तेही कॅपिटल. कारण तिथली नट आवळायची गन लांब दांड्याची होती आणि लाइनवर तिला कोणी दुसऱ्या नावानं ओळखतच नव्हतं.

मला ते बघवेना. यादी उघडली की निम्मी नावं अशी ओरडल्यासारखी. मला वाटलं, जुन्या साहेबांना कॉम्प्युटर धड येत नसणार, कॅप्स लॉक चालू राहिला असणार. मी नियम काढला. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर फक्त कॅपिटल, बाकी स्मॉल, आणि एका पानाला एकच नाव. मग आठवडाभर बसून सगळी वळवणारी पानं पुसून टाकली.

आणि मी तपासलं नव्हतं असं नाही. पुसण्याआधी एका पानाचं नाव सगळं स्मॉल अक्षरांत टाकून बघितलं. उघडलं! म्हटलं झालं, ही विकी लहान-मोठ्या अक्षरांचं स्वतःच बघून घेते. ती फक्त पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करून घेते, त्याच्या पुढचं प्रत्येक अक्षर तिला जसंच्या तसं लागतं, हे मला माहीत नव्हतं. आपण मराठी माणसं. आपला क सगळीकडे क. त्याला ना लहान ना मोठा. एकच शब्द दोन मापांत लिहिला तर यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फर्स्ट क्लास असूनही.

क्वालिटीच्या साहेबांनी यादी बघितली आणि म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय." मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत हवेत होते.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. ग्राहक कंपनीनं हबच्या नटाचा टॉर्क बदलला. टॉर्क म्हणजे नट किती जोरात आवळायचा त्याचा आकडा. नवा आकडा मी स्वतः विकीवर टाकला. सुपरवायझरनं लाइनवर सांगितलं, "आकडा बदललाय, विकीवर बघून घ्या." आठ-दहा दिवसांनी ग्राहकाच्या तपासणीत आमचा माल अडकला. सहा नंबर स्टेशनवरून गेलेले हब जुन्याच आकड्यावर आवळलेले निघाले. चाकाचा भाग तो. कंपनीत सगळे हळू आवाजात बोलायला लागले.

ज्या शिफ्टचा माल अडकला त्या शिफ्टचे ऑपरेटर चाकणजवळच्याच एका गावातले. पंचेचाळीस-पन्नासचे. लाइनवर सगळे त्यांना आबा म्हणत. कंत्राटी होते, इतकी वर्षं होऊनही कंत्राटीच. त्यांना वर मीटिंगच्या खोलीत बोलावलं. साहेब, सुपरवायझर, कंत्राटदाराचा माणूस, आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन मी.

"विकी बघितली होती का?" साहेबांनी विचारलं.

"बघितली व्हती. पान न्हवतं."

"पान नव्हतं म्हणजे?"

"न्हवतं म्हंजी न्हवतं, साहेब. लाल अक्षरं आली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा मोठा टीव्ही लावला, यादीतून त्या पानावर क्लिक केलं. पान समोर. नवा आकडा ठळक. बाजूला मी टाकलेली तारीखसुद्धा.

"हे काय आहे मग?" साहेब म्हणाले.

आबा टीव्हीकडे बघत राहिले. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "आबा, चुकी झाली तर चुकी झाली म्हणायचं. खोटं कशाला बोलता?"

आणि मी, मला कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "पान दीड-दोन महिने झाले, याच नावानं आहे. कधीच बंद नव्हतं."

त्यांचा गेट पास तिथंच टेबलावर ठेवून घेतला. परवाच्या मीटिंगमध्ये निर्णय, तोपर्यंत घरी बसायचं. निर्णय काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. दारातून जाताना ते माझ्याजवळ थांबले.

"मॅडम, तुमच्या टीव्हीवर पान हाय. खाली या अन् माझ्या डब्यावर दाखवा. मंग मी खोटा."

सुपरवायझर हसला. मी लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळी कंपनीची बस मोशीपर्यंत रखडत आली. घरी पोचले तेव्हा वडील पहिली शिफ्ट करून आलेले, कॉटवर पाय सोडून चहा पीत होते. मी चिडलेलीच होते. चप्पल काढता काढता सगळं सांगितलं. "पप्पा, ही माणसं वाचतच नाहीत. समोर पान आहे, नवा आकडा आहे. वाचायचं नाही आणि वर सांगायचं, पान नव्हतं."

वडिलांनी कप खाली ठेवला. "कसल्या अक्षरात लिव्हलंय ते?"

"इंग्रजीत. साध्या इंग्रजीत. तुम्हीसुद्धा वाचाल."

मी मोबाइलमधला त्या पानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मोबाइल लांब नेला, जवळ आणला. मला वाटलं चष्मा पाहिजे, म्हणून चष्मा दिला. तो लावूनही ते तसेच बघत राहिले.

"हे पयलं अक्षर एच हाय," ते म्हणाले. "फुडचं बारकं हाय सगळं. बारकी एबीसीडी मला येत नाई."

मला कळेचना ते काय म्हणतायत. "येत नाही म्हणजे? तुम्ही पाट्या वाचता की."

"पाट्यांवर मोठी असती ना. मशीनच्या पट्टीवर, ड्रमवर, खोक्यावर, गेटवर, सगळीकडं मोठीच असती. तीच बघून बघून शिकलो. बारकी कुठं दिसलीच नाई तर शिकणार कवा?"

"एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय, बाई? माझं काम कुठं अडायलंय?" आणि मग हसून म्हणाले, "तुझ्या डिग्रीवर तुझं नाव मोठ्या अक्षरात हाय. तेवढं वाचलं मी."

आई कोपऱ्यातल्या गॅसपाशी बसूनच म्हणाली, "तेवढंच वाचून चार दिवस सांगत फिरत होते." आणि हसायला लागली. मला हसू येईना. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसून राहिले. तेवीस वर्षं ज्या माणसाबरोबर एका खोलीत राहिले, त्याला अर्धीच अक्षरं येतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी शिकलेली. मला वाटायचं, घरातलं मला सगळं माहीत आहे. मी पुसलेली ती सगळी कॅपिटल नावं आठवायला लागली. आबांचा चेहरा समोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बसनं गेले आणि ऑफिसात न जाता थेट हब लाइनवर गेले. आबांच्या जागी त्यांचा जोडीदार उभा होता. नांदेडकडचा माणूस, माझ्यापेक्षा थोडा मोठा. मी त्याला म्हटलं, "दादा, सहा नंबरचं पान उघडून दाखवा ना."

"कामून? माझा बी पास काढायला आल्या का?"

"नाही. मला बघायचंय फक्त."

त्यानं हातमोजा काढला आणि एका बोटानं टाइप करायला लागला. आधी कीबोर्डवर अक्षर शोधायचा, मग दाबायचा, मग पडद्यावर तेच अक्षर आलं का बघायचा. कॅप्स लॉकचा दिवा लागलेला होता. मी तो बंद करायला हात पुढे केला तर तो ओरडला, "अहो मॅडम, त्याला हात नका लावू! तो बंद केला की दुसरंच अक्षर येतं."

तेव्हा मी कीबोर्डकडे बघितलं. चार वर्षं कॉलेजात आणि कंपनीत रोज त्याच्यावर बोटं आपटली होती, आणि एक गोष्ट कधी बघितलीच नव्हती. कीबोर्डवरची अक्षरं सगळी कॅपिटल असतात. जे बटण दाबायचं तेच पडद्यावर यायला हवं असेल तर कॅप्स लॉक चालूच ठेवावा लागतो. जुन्या साहेबांना कॉम्प्युटर येत नव्हता म्हणे. चांगला येत होता.

त्यानं एंटर मारला. लाल अक्षरं आली. या नावाचं पान नाही. तुम्हाला ते तयार करायचं आहे का?

"बघा," तो म्हणाला. "रोजचंच हाय हे. आधी उघडायचं. आता दीड-दोन महिने झाले, बंद."

"मग तुम्ही आकडा कुठून घेता?"

त्यानं हत्यारांच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेला, तेलाचे डाग पडलेला एक कागद. त्यावर जुना आकडा. म्हणजे एकटे आबा नाहीत. तिन्ही शिफ्ट. बाकीच्यांचा माल तपासणीच्या पेटीत आला नव्हता, एवढाच फरक.

"कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. सुपरवायझरला सांगितलं. ते म्हणले, विकी चालू हाय, मी रोज यादीतनं उघडतो. मग आमाला वाटलं, आमच्यासाठी बंद केली असंल." त्यानं हातमोजा परत चढवला. "मेंटेनन्सचे जुने साहेब इथं स्टूल घेऊन बसायचे. विचारायचे, तुमी याला काय म्हणता, कसं टाइप करता. आन तसंच टाकून द्यायचे."

ऑफिसात जाऊन मी विकीची नोंद उघडली. विकीत काहीही पुसलं तरी कोणी पुसलं, कधी पुसलं आणि का पुसलं, हे राहतंच. एकाखाली एक ओळी. प्रत्येक ओळीत माझं नाव. आणि कारणाच्या रकान्यात मीच टाइप केलेला एक शब्द: कचरा. प्रत्येक ओळीत तोच. मी ते अर्ध्यापर्यंत वाचत गेले आणि मग वाचवेना.

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "पानं परत टाक. कोणाला कळायचं नाही. पुढच्या महिन्यात तुझं कन्फर्मेशन आहे, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"आणि आबा?"

"बघू त्यांचं. कंत्राटदार दुसरीकडे लावेल कुठंतरी."

मी वॉटर कूलरपाशी जाऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू, विचार केला मी. आईचे पेढे आठवले. पर्मनंट झाले की दोन खोल्यांचं घर बघायचं ठरलं होतं, तेही आठवलं. पण काल मी त्या खोलीत न विचारता बोलले होते. आणि मी बोललेलं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सुरुवात करायच्या आधी मी टीव्ही लावला. यादी उघडली नाही. लाइनवर टाकतात तसं, कॅप्स लॉक लावून, एकेक अक्षर दाबत नाव टाकलं. लाल अक्षरं आली. मग पुसल्याची नोंद उघडली.

"पान पुसणारी मी आहे," मी म्हणाले. "आबा खरं बोलले. तिन्ही शिफ्टमध्ये हेच चाललंय. बाकीचा मालही तपासावा लागेल."

सुपरवायझर टीव्हीकडे असा बघत होता जसं त्याच्यावर काहीतरी भलतंच लागलंय. कंत्राटदाराच्या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "आयला!" आणि लगेच त्यानं "सॉरी मॅडम" केलं. प्लांटचे मोठे साहेब त्या दिवशी योगायोगानं बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, "कचरा म्हणजे?"

आबांना निरोप गेला. ते दुपारी आले. मी गेटवर गेले, पास त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आबा, चूक माझी होती. माफ करा."

त्यांनी पास खिशात घातला. "पास मिळाला, ठीक हाय. पन मला खोटा म्हणलात ते खोलीत, चार मानसांत. अन् माफी हितं गेटवर, वॉचमनपुढं?"

ते बरोबर होतं. मी त्यांच्याबरोबर आत गेले. शिफ्ट बदलायची वेळ होती, दोन्ही शिफ्टची माणसं लाइनवर होती. सुपरवायझरला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर तेच पुन्हा म्हणाले, अख्खं, काय केलं आणि का केलं. कोणी हसलं नाही. आबा म्हणाले, "बरं. आता पान उघडा, काम करायचंय."

पुसलेली पानं विकीतून परत आणता येतात. ती त्याच दिवशी आणली. मग पंधरा दिवस रोज जेवणाच्या सुट्टीनंतर मी प्रत्येक लाइनवर स्टूल टाकून बसले. लोकांना विचारलं, याला काय म्हणता, कसं टाइप करता. जे सांगितलं ते, तसंच्या तसं, रिडायरेक्ट म्हणून टाकलं. नांदेडकडचा दादा म्हणाला, "लिव्हा मॅडम, म्हातारी." एक जुनी कुरकुरणारी गन होती, तिला ते म्हातारी म्हणत. तेही टाकलं.

माझं कन्फर्मेशन सहा महिने पुढे ढकललं. मग मिळालं. आबा सहा नंबरवरच आहेत. आता आमच्या कंपनीत कुठल्याही लाइनवर, कोणत्याही माणसानं, त्याच्या सवयीच्या अक्षरांत, मशीनचं कुठलंही चालतं नाव टाकलं तरी बरोबर पान उघडतं.